वसईची इगर्ज आणि मराठीपणाची वहिवाट

चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई सर केली, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. परंतु त्या विजयानंतर तेथील ख्रिस्ती रयतेचें काय झालें, हें विचारणारा विरळा. पोर्तुगीज गेले. त्यांच्या इगर्जींतील कांहीं घंटा भीमाशंकर, मेणवली येथील देवालयांत गेल्या व आजही तेथें निनादतात. ज्यांचे पूर्वज त्या घंटा ऐकून प्रार्थनेस जात, ते लोक मात्र आपली वाडी सोडून कोठेंही गेले नाहींत.

पापडीची इगर्ज याची साक्ष देते. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हां हीच त्याची मुख्य इगर्ज ठरली. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेंतील उपासनेस मोकळीक दिली. तेव्हांपासून, जेथें पूर्वी लॅटिन चालत असे, तेथें मराठी प्रार्थना ऐकूं येतात. प्रार्थना करणारे कोण? केळीच्या बागा व पानमळे पिकविणारे सामवेदी आणि वाडवळ, दर्यावर पोट भरणारे कोळी. यांस परके कोण म्हणेल?

तरीही म्हटलें गेलें! ‘सुबोध बायबल’ मराठीस देणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड होतांच, धर्मगुरूस हें पद कसें, असा ओरडा झाला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस संमेलन भरलें व ओरडा विरला. प्रश्न मात्र उरला. आम्ही त्याचें उत्तर कायद्याच्या भाषेंत देतों. भाषेवरील हक्क धर्मावरून ठरत नाहीं, वहिवाटीनें ठरतो. आणि वसईकरांची वहिवाट कित्येक पिढ्यांची, अखंड व उघड आहे. राज्यघटनेचें २९ वें कलमही प्रत्येक समाजास आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतें.

परंतु हक्क बजावला नाहीं तर तो नुसता कागदावर राहतो. म्हणून वसईकर बंधूंसही आमचें सांगणें आहे कीं, मुलांस इंग्रजी अवश्य शिकवा. पण घरची बोली व मराठी शाळा ओस पडूं देऊं नका. एका वेदीपुढें गुडघे टेकून सोयरीक जमवितांना जात पाहणेंही येशूच्या शिकवणीस शोभत नाहीं.

आणि आमचे हिंदु वाचक? वसईच्या घंटा आपण आपल्या मानल्या. ज्यांच्या त्या होत्या, त्यांस आपलें म्हणण्यास इतका संकोच कां?