वल्ही आणि वारा

कोलकाता म्हटले की हावडा पूल, ट्राम आणि माणसांनी ओसंडणारे रस्ते आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. याच शहराच्या दक्षिण भागात, ढाकुरिया परिसरात, एक विस्तीर्ण सरोवर आहे. पहाटे तेथे फिरायला येणाऱ्यांना एक दृश्य नेहमी दिसते. लांबच लांब, निमुळती नौका पाण्यावरून सरसर पुढे जाते. तिच्यातील सगळी वल्ही एकाच क्षणी पाण्यात बुडतात आणि एकाच क्षणी वर येतात. वल्हवण्याच्या शर्यतीच्या या खेळाला ‘रोइंग’ असे म्हणतात.

सरोवराचा जन्म

हे सरोवर निसर्गाने निर्माण केलेले नाही. येथे पूर्वी दलदलीची जमीन होती. शहराचा विस्तार करण्यासाठी कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १९२० नंतरच्या दशकात ती खोदून घेतली. निघालेली माती आसपासच्या सखल भागात भर घालण्यासाठी उपयोगी पडली आणि खोदलेल्या जागी पाणी साठले. ‘ढाकुरिया लेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सरोवराला १९५८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ ‘रवींद्र सरोवर’ हे नाव देण्यात आले. सुमारे १९२ एकरांच्या या परिसरात जवळजवळ ७३ एकर क्षेत्र पाण्याचे आहे.

रोइंगची परंपरा मात्र सरोवराहूनही जुनी आहे. कलकत्ता रोइंग क्लबची स्थापना १८५८ मध्ये झाली. पुढे मद्रास बोट क्लब १८६७ मध्ये, तर पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ मध्ये सुरू झाला. कोलकात्यातून वाहणाऱ्या हुगळी नदीला भरती-ओहोटी असते आणि जहाजांची वर्दळही असते. शर्यतीसाठी लागणारे संथ पाणी या सरोवराने शहराला मिळवून दिले. आज त्याच्या काठावर अनेक क्लबांच्या नौका आहेत. तेथे शालेय विद्यार्थ्यांपासून प्रौढांपर्यंत अनेकजण सराव करतात.

नौकेची रचना आणि वल्हवण्याची रीत

शर्यतीची नौका मासेमारीच्या होडीसारखी रुंद नसते. एका खेळाडूची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, पण तिची रुंदी जेमतेम एक फूट भरते. स्पर्धेच्या नियमानुसार तिचे वजन किमान १४ किलोग्रॅम असावे लागते. म्हणजे एक माणूस ती सहज खांद्यावर उचलू शकतो. आठ खेळाडूंची नौका सतरा मीटरांहून अधिक लांब असते. नौका जितकी अरुंद, तितका पाण्याचा अडथळा कमी आणि वेग जास्त.

खेळाडू ज्या दिशेने जायचे त्या दिशेकडे पाठ करून बसतो. त्याचे आसन लहान चाकांवर पुढे-मागे सरकते आणि पाय एका फळीला जोडलेल्या बुटांत असतात. वल्हे पाण्यात बुडताच तो पायांनी फळी जोराने रेटतो. त्यानंतर पाठ आणि शेवटी हात कामाला येतात. वल्हवणे हे हातांचे काम आहे, असे काठावरून वाटते. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा पायांचा असतो. काही नौकांमध्ये दिशा सांभाळण्यासाठी एक सुकाणूधर असतो. त्याला ‘कॉक्स’ म्हणतात. तो स्वतः वल्हवत नाही; पण खेळाडूंना ताल देतो.

या तालाला फार महत्त्व आहे. तारेवर चालणारा कसरतपटू हातातील आडव्या काठीने तोल सांभाळतो, तशी दोन्ही बाजूंची वल्ही नौकेला सावरून धरतात. एकाचे वल्हे जरी उशिरा पडले, तरी नौका कलते. म्हणूनच आठ बलवान माणसे एकत्र आली म्हणजे संघ तयार होतो असे नाही. त्यांचा श्वास एका लयीत यावा लागतो.

हे कौशल्य पाण्याकाठी जन्मलेल्यांनाच साधते, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका दुष्काळाशी परिचित आहे. तेथील तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यानंतर वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्पर्धेत त्याने तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून तीन सहकाऱ्यांसह सुवर्णपदक जिंकले.

वाऱ्याचे संकट

शिडाच्या होडीला वारा हवा असतो. रोइंगच्या नौकेला मात्र तो नकोसा असतो. जी अरुंद बांधणी तिला वेग देते, तीच वादळात तिला दुबळी करते.

महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या अखेरीस वळीव येतो, तशी बंगालमध्ये चैत्र-वैशाखापासून ‘कालबैशाखी’ येते. छोटा नागपूरच्या पठारावरील तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची गाठ पडते. दुपारनंतर वायव्येकडे काळे ढग उठतात आणि पाहता पाहता सोसाट्याचा वारा, विजा आणि पाऊस शहरावर कोसळतात. या वादळाची चाहूल फार आधी लागत नाही.

२१ मे २०२२ रोजी दुपारी असेच वादळ रवींद्र सरोवरावर आले. आंतरशालेय शर्यतीसाठी सराव करणाऱ्या मुलांची नौका उलटली आणि दोन शाळकरी मुले बुडून मरण पावली. रोज काठावरून संथ दिसणाऱ्या पाण्यात हे घडले. साऱ्या शहराला हळहळ वाटली. सराव थांबवण्यात आला आणि सुरक्षेचे नियम ठरल्यानंतरच तो पुन्हा सुरू झाला. एक अवघड प्रश्नही तेव्हा पुढे आला. सरोवराचे पाणी दूषित होऊ नये म्हणून इंधनावर चालणाऱ्या नौकांना तेथे मज्जाव होता. मग बचावासाठी वेगाने जाणार कसे? पाणी जपणे आणि माणूस जपणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. विजेच्या घटावर चालणाऱ्या बचावनौकेसारख्या साधनांनी त्यांचा मेळ घालता येतो.

शिस्त हाही खेळाचाच भाग

रोइंगमध्ये सुरक्षेचे काही नियम सर्वत्र मानले जातात. पोहता येत असल्याची खात्री झाल्याशिवाय नवशिक्याला नौकेत बसू देऊ नये. पाण्यात उतरण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा. मेघगर्जना ऐकू येताच सराव सोडून काठ गाठावा. बुटांची बांधणी अशी असावी की नौका उलटल्यास पाय चटकन मोकळे व्हावेत. आणि नौका उलटलीच, तर काठाकडे पोहत सुटण्याऐवजी तिलाच धरून राहावे. कारण उलटलेली नौकाही तरंगत राहते आणि मदतीला येणाऱ्यांना ती लांबून दिसते.

हे नियम भित्र्यांसाठी आहेत, असे कोणी समजू नये. आकाश काळवंडल्यावर नौका वळवून परत आणणारा संघ त्या दिवशी सराव गमावतो, पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच संघ पुन्हा पाण्यावर दिसतो. वल्ही कधी चालवावीत याबरोबरच ती कधी थांबवावीत हेही ज्याला कळते, तोच खरा वल्हवणारा होय.