चढणीचे मासे आणि बंद हंगामाचा कायदा



गेल्या सालीं ज्येष्ठ महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी कोयनानगरांतील माझ्या घरीं आला. त्याच्या आजोबांची शेती शिवसागराच्या तळाशीं गेली. तेव्हांपासून त्या घरानें नांगर ठेवून जाळें हातीं घेतलें. ओटीवर बसतां बसतां त्यानें विचारलें, "गुरुजी, पहिल्या जूनपासून मासेमारी बंद, असें रेडिओवर सांगितलें. ही बंदी आमच्या तळ्याला लागते काय? एकजण म्हणतो, ती समुद्राची. दुसरा म्हणतो, आपलें तळें नदीचें, तेव्हां लागते. मी दोन महिने चूल कशावर पेटवूं, तेवढें सांगा."

प्रश्न साधा दिसला, पण उत्तर देतांना मला अडखळावें लागलें. शाळेंत असा प्रश्न आला, म्हणजे "उद्यां सांगतों" असें म्हणून आम्ही मास्तर लोक वेळ मारून नेत असूं. या वेळीं मात्र पुस्तकें आणि कायद्यांचीं कलमें खरोखरच चाळावीं लागलीं. त्यांतून जें हातीं आलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम समुद्राची गोष्ट निकालांत काढूं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत ती महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालीं येते. त्यापलीकडे केंद्र सरकारचा हुकूम चालतो. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना ती बंदी नाहीं. हा कायदा नांवाप्रमाणेंच समुद्रापुरता आहे. कुंभार्ली घाट चढून तो हेळवाकास येत नाहीं. म्हणजे पहिल्या माणसाचें म्हणणें एवढ्यापुरतें खरें. परंतु समुद्राची बंदी लागत नाहीं, म्हणून कोणतीच बंदी लागत नाहीं असें समजणें, हें मुंबईचें तिकीट चालत नाहीं म्हणून साताऱ्याच्या गाडींत फुकट बसण्यासारखें आहे. गोड्या पाण्यांतील मासेमारी हा आपल्या राज्यघटनेप्रमाणें राज्यांचा विषय आहे. त्यामुळें तिचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत, आणि ते निराळ्या ठिकाणीं शोधावे लागतात.

आतां तळें म्हणजे काय, हें पाहूं. आपण हा एकच शब्द तीन निरनिराळ्या पाण्यांना लावतों. पहिलें शेततळें: खड्डा खणून, आंत प्लास्टिकचा कागद अंथरून भरलेलें पाणी. त्याला ना ओढा मिळतो, ना त्यांतून ओढा निघतो. दुसरा गांवचा तलाव: ओढ्याला बांध घालून अडविलेला. भर पावसाळ्यांत तो सांडव्यावरून वाहूं लागतो, आणि तेवढे दिवस त्याचें खालच्या नदीशीं नातें जुळतें. तिसरा आपल्या शिवसागरासारखा जलाशय. कोयना महाबळेश्वरीं उगम पावते, दक्षिणेस वाहत हेळवाकापर्यंत येते, तेथें एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. त्या वळणापाशीं १९६० नंतरच्या वर्षांत धरण उभें राहिलें आणि मागें सुमारें पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. आज त्याची सांठवण १०५ अब्ज घनफूट मानतात. सोळशी आणि कांदाटी या नद्या पूर्वीं कोयनेला मिळत. आतां त्या जलाशयास मिळतात. आपण त्याला सागर म्हणतों; माशाच्या दृष्टीनें मात्र ती अजून नदीच आहे, वाटेंत थांबलेली.

माशाच्या दृष्टीनें असें मी मुद्दाम म्हटलें. कारण बंद हंगामाचें मूळ माशाच्या जीवनक्रमांत आहे. मृगाच्या सरी कोसळून ओढे तांबडे झाले, कीं खालच्या पाण्यांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें वर निघतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतों. ते अंडीं घालण्यास जागा शोधीत चढतात. बाहेरून आणून जलाशयांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ यांचेंच पाहा. हे मासे सांचलेल्या पाण्यांत उत्तम वाढतात, पण तेथें सहसा वीत नाहींत. पुराचें वाहतें पाणी आणि कांठावरची नव्यानें बुडालेली उथळ जमीन मिळाली, तरच मादी अंडीं सोडते. रोहूच्या मादींत वजनाच्या प्रत्येक किलोमागें दोन लाखांच्या आसपास अंडीं असतात, आणि तीं पंधरा ते अठरा तासांत फुटून पिलें बाहेर पडतात. म्हणजे सारा खेळ एका रात्रीचा. त्या रात्रीं ओढ्याच्या तोंडाशीं आडवें जाळें बांधलें, तर मासा सांपडतो आणि त्याबरोबर पुढील वर्षांचें पीकही सांपडतें. गाबोळीनें भरलेल्या माशास बाजारांत गिऱ्हाईक असतें, हें खरें. पण पेरणीचें बीं दळून भाकरी करण्याचाच तो प्रकार आहे.

आपल्या नद्यांच्या मूळ माशांची रीतही हीच. महसीर, ज्याला आपल्याकडे कोणी खडस म्हणतात, तो वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यांत वितो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां पुण्याकडच्या मुळामुठेंतील या माशास त्यानें येथल्याच लोकांच्या तोंडचें 'खुद्री' हें नांव दिलें. तें आजही शास्त्रीय ग्रंथांत आहे. पुढें १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या तलावांवर मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनीं याच माशाची कृत्रिम वीण साधली. तलाव मोठा असला, तरी विणीस आलेले मासे पावसाळ्यांत ओढ्यांच्या तोंडाशींच येतात, हें ज्ञान तेथें कामास आलें.

शेततळ्याची गोष्ट याच्या अगदीं उलट. बंदिस्त पाण्यांत हे मासे वीत नाहींत, म्हणून पूर्वीं मत्स्यबीज नद्यांतून गोळा करून आणावें लागे. १९५७ सालीं ओडिशांत हिरालाल चौधुरी यांनीं माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून अशा माशांकडून वीण करून घेतली, तेव्हां ही अडचण दूर झाली. आज शेततळ्यांत सोडलेलें बीज बीजकेंद्रांतून येतें. तेथला मासा कोठून चढून येत नाहीं आणि कोठें चढून जातही नाहीं. तो श्रावणांत धरला काय आणि माघांत धरला काय, पुढल्या पिढीचें नुकसान नाहीं. तेव्हां बंद हंगामास आधार असा कीं, पाणी नदीस जोडलेलें असावें आणि माशास चढण्यास वाट असावी. पाटीवर तळें लिहिलें आहे कीं नदी, यानें माशास कांहीं फरक पडत नाहीं.

कायदा मात्र पाटी पाहतो कीं पाणी? हिंदुस्थानांतील मत्स्यरक्षणाच्या कायद्यांचा मूळपुरुष १८९७ सालचा. महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा १९६० सालचा आहे. तथापि या विषयाची चौकट समजून घेण्यास तो जुना कायदा फार उपयोगी पडतो. त्यानें तीन गोष्टी ठरविल्या.

पहिली, सुरुंगाची दारू लावून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा गुन्हा. त्याबद्दल त्या काळीं दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. येथें हंगामाचा प्रश्नच नाहीं.

दुसरी, बांधून ठेवलेलीं जाळीं व सांपळे, पाण्यांत घातलेले बांध, जाळ्यांचा आकार व प्रकार यांवर निर्बंध घालण्याचा, तसेंच एखाद्या पाण्यांत दोन वर्षांपर्यंत मासेमारी अजीबात बंद ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला. पण हे नियम आपोआप सर्व पाण्यांना लागत नसत. सरकारनें अधिसूचना काढून त्या पाण्याचें नांव घ्यावें लागे.

तिसरी गोष्ट बारकाईची आहे. 'खाजगी पाणी' या शब्दाची व्याख्या करतांना मालकाबरोबर ठेकेदारही धरला आहे. ज्या पाण्यांत मासे धरण्याचा हक्क एकट्याकडेच आहे, तें पाणी खाजगी, मग तो हक्क मालकीनें आलेला असो वा ठेक्यानें. आणि अशा पाण्यास ते नियम लावावयाचे, तर मालकाची व हक्कदाराची लेखी संमति पाहिजे. म्हणजे सरकारी तलाव असूनही तो एकाच संस्थेकडे ठेक्यानें गेला, तर या व्याख्येप्रमाणें तो खाजगी ठरूं शके. या कायद्यांत कसोटी होती ती पाणी कोणाचें आणि सरकारनें त्याचें नांव घेतलें कीं नाहीं, ही. नदीशीं संबंध ही नव्हे.

परंतु इतर ठिकाणीं नदीचा संबंध हीच कसोटी धरलेली आढळते. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशांत १९७२ च्या नदी-मत्स्य नियमांप्रमाणें १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद काळ पाळतात. तो नद्यांप्रमाणेंच जलाशयांनाही लागतो. सूट आहे ती ज्यांचा कोणत्याही नदीशीं संबंध नाहीं आणि ज्यांना सरकारनें निर्दिष्ट पाण्यांत धरलेलें नाहीं, अशा लहान तळ्यांना. छत्तीसगडांतही हेच दोन महिने पाळले जातात. इंग्लंडचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. तेथें १८७८ च्या कायद्यापासून गोड्या पाण्यांतील कित्येक माशांसाठीं १५ मार्च ते १५ जून हा बंद काळ होता. १९९५ सालीं बहुतेक बंदिस्त तळ्यांवरील ही बंदी उठविली. नद्यांवर ती ठेवली. मग नॉर्फोक परगण्यांत 'ब्रॉड्स' नांवाचीं जीं उथळ तळीं नद्यांना जोडलेलीं आहेत, त्यांचें काय केलें? त्यांना तळीं न समजतां नद्यांबरोबर बसविलें आणि तेथली बंदी कायम ठेवली. माझ्या विद्यार्थ्याच्या ओळखीचा तो दुसरा माणूस कायद्याचें पुस्तक न उघडतां जें बोलला, तेंच हें तत्त्व होय.

मग शिवसागरावर जाळें टाकणाऱ्यानें काय करावें? माझ्या मतें त्यानें क्रमानें चार गोष्टी विचाराव्या. एक, ही जागा अभयारण्यांत येते काय? जलाशयाच्या पश्चिमेचें रान १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून तें सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्याच्या हद्दींत पडणाऱ्या पाण्यास १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. तेथें प्रश्न दोन महिन्यांचा नसून बारा महिन्यांचा आहे, आणि तेथें वनखात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. दोन, या पाण्याविषयीं मत्स्यव्यवसाय खात्याची अधिसूचना आहे काय, आणि तिच्यांत कोणत्या तारखा आहेत? तीन, पाणी ठेक्यानें दिलेलें असल्यास करारांत काय लिहिलें आहे? संस्थेनें सही करतांना बंद काळाची किंवा जाळ्याच्या भोकांची अट मान्य केली असेल, तर ती प्रत्येक सभासदास लागते. "तें चेअरमनला ठाऊक, मला नाहीं" ही सबब चालत नाहीं. म्हणून संस्थेच्या सभेंत तो कागद मोठ्यानें वाचून घ्यावा. चार, या पाण्यांतून मासा चढतो काय, आणि कोठून? हा प्रश्न कोणत्याही कचेरींत विचारावा लागत नाहीं. त्याचें उत्तर मासे धरणाऱ्यास बापजाद्यांपासून ठाऊक असतें.

हें सारें मी त्या विद्यार्थ्यास सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, चवथ्या प्रश्नाचें उत्तर देतों. तीन वर्षांपूर्वीं आमच्या वाडीखालच्या ओढ्याच्या तोंडाशीं आम्ही आडवें जाळें बांधलें. एका रात्रींत दोन पोतीं मासा मिळाला, सगळा गाबोळीचा. दुसऱ्या सालीं अर्धें पोतें. परवां पूर तसाच आला, पाणी तसेंच तांबडें, मासा ओंजळभर." त्यास कोणी पकडलें नव्हतें आणि दंडही झाला नव्हता. तरी हिशेब चुकता झालाच होता.

चुलीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो टाळून मासे वांचविण्याचा उपदेश करणें मला शोभणार नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत बंद काळासाठीं गरीब मच्छीमार कुटुंबास मदतीची तरतूद केली गेली: मच्छीमारानें १५०० रुपये शिलकीस टाकावे, सरकारनें ३००० घालावे, आणि ती रक्कम तीन महिन्यांत त्याच्या हातीं यावी. ही तरतूद समुद्रावरच्यांप्रमाणेंच गोड्या पाण्यावरच्या मच्छीमारांसाठींही होती. रक्कम मोठी नव्हे. पण अशी मदत मागण्यास नांव नोंदलेलें लागतें आणि संस्था जागी लागते. ज्या संस्थेंत ठेक्याचा कागद वाचला जात नाहीं, तेथें मदतीचा अर्जही भरला जात नाहीं, असा माझा अनुभव आहे.

शेवटीं, सर्वच गोष्टी कायद्यावर सोंपवाव्या असेंही नाहीं. महाडनजीक वाळणकोंडीच्या डोहांतील मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं, आणि तेथें ते माणसाच्या हातून खाणें घेण्यास निर्भयपणें कांठाशीं येतात. तेथें अधिसूचनेच्या आधीं श्रद्धा होती. आपल्या ओढ्यांच्या तोंडांना देवीचें नांव नसेल. पण मृगापासून श्रावणाअखेर तेवढी जागा मोकळी सोडण्यास तरी काय हरकत आहे? जाळें टाकावयास बाकीचा जलाशय आहे, आणि जेथें नियम आड येत नाहीं तेथें तो खुशाल वापरावा. त्या विद्यार्थ्यानें यंदा ओढ्याशीं जाळें बांधलेलें नाहीं. चढण परत आली कीं नाहीं, हें कळण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतील. तो सांगेल, तेव्हां आपणांसही सांगेन.