घोंगडीवरून उठलेली मी

संक्रांतीला सोलापूरची बाई सहसा घर सोडून कुठं जात नाही. गड्ड्याचे दिवस ते! सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, घरात पाहुणे, अंगणात रांगोळी, पोरांना गड्ड्यावरचे पाळणे. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, मी एकही गड्डा चुकवला नव्हता. पण २०२५ साली संक्रांत आली १४ जानेवारीला, आणि नेमकं त्याच दिवशी जर्मनीत फ्रँकफर्टला 'हाइमटेक्स्टिल' सुरू झालं. चादरी, पडदे, टॉवेल अशा घरगुती कापडाचं हे प्रदर्शन १९७१ पासून भरतं. जगभरातले व्यापारी तिथं येतात. आमच्या सोलापुरातल्या टॉवेलवाल्यांची ती जणू पंढरीच!

आमचाही टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. सासरे गिरणीत कामाला होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी चार यंत्रमाग घेतले, त्यातून हे उभं राहिलं. दरवर्षी प्रदर्शनाला 'हे' जायचे. पण डिसेंबरात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. स्टॉलचे पैसे भरलेले. मग ठरलं, पुतण्यानं आणि मी जायचं. हिशेब मी बघते, माल मला कळतो, इंग्रजी मोडकंतोडकं का होईना बोलते. तरी विमानात बसेपर्यंत पोटात गोळा होता.

पहिलाच दिवस वाईट गेला. ह्यांचं दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं. मी तिळगूळ दिला, त्यांनी हसून खाल्लाही. मग टॉवेल हातात घेतला, वजन विचारलं, भाव विचारला. म्हणाले, यंदा दुसऱ्या देशातून स्वस्त मिळतोय, जमणार नाही. पाच मिनिटांत दहा वर्षं संपली. जाताजाता त्यांच्याबरोबरच्या बाईंनी विचारलं, "हा टॉवेल बनवतं कोण? तुमची काही गोष्ट आहे का?" मला वाटलं, ही काय चौकशी! मी परत वजन आणि भावच सांगितला. त्या मान हलवून निघून गेल्या.

त्या रात्री हॉटेलात मी बाथरूमचा नळ सोडून रडले. ह्यांना फोनवर मात्र "छान चाललंय" म्हणाले. बायपासच्या धाकातून सुटलेल्या माणसाला आणखी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. माझ्या नणंदेची मुलगी हायडेलबर्गला शिकते. म्हणाली, "मामी, संध्याकाळी सहाला तुमचं प्रदर्शन बंद होतं ना? मग माझ्या गावाला चला. तासाभराची तर गाडी आहे. मी न्यायला येते." पुतण्याला कोटेशन तयार करायची होती. तो म्हणाला, "काकू, तुम्ही जाऊन या, डोकं हलकं होईल." मी पिशवीत घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टाकली आणि निघाले. धंद्याच्या कामाला आले असताना असं फिरायला जायचं, याचीच मनात चोरी वाटत होती.

हायडेलबर्गला उतरलो तेव्हा आठ वाजत आले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. साडीच्या आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर पुतण्याचा कोट, पायात बूट. आरशात पाहिलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं! स्टेशनवरून आम्ही चालतच निघालो. थोडं पुढं गेल्यावर फॉसश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर भाचीनं मला थांबवलं. "मामी, ही आमच्या विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था. १९६२ साली सुरू झाली, या जागेत २०१९ ला आली. हिच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकंही आहेत. आणि इथले एक प्राध्यापक आपल्या धनगरांवर अभ्यास करायचे म्हणे. सोंथायमर नावाचे."

मी जागच्या जागी उभी राहिले. हे नाव मी ऐकलेलं होतं!

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, धनगराचं. वडील प्राथमिक शिक्षक. ते संध्याकाळी ओसरीवर बसून सांगायचे की गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन माणूस मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसला, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबाच्या ओव्या त्यानं टिपून घेतल्या. आम्ही पोरं टीव्हीकडं बघत "हो का" म्हणायचो. पुढं मी त्यांच्याबद्दल थोडं वाचलं. १९३४ ला जन्मलेला हा माणूस मूळचा कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचं पुस्तक आहे. पण पुस्तकातल्या कायद्यापेक्षा त्यांना रानातल्या माणसांनी ओढून घेतलं. १९७६ मध्ये धनगरांच्या दैवतांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ जर्मन भाषेत निघाला, १९८९ मध्ये तो इंग्रजीत आला. आपल्या पंढरीच्या वारीवरही त्यांनी चित्रपट केला. १९९२ मध्ये ते गेले. आणि त्यांच्या गावात, त्यांच्या संस्थेच्या बंद दारासमोर, मंगळवेढ्याच्या धनगराची पोर कुडकुडत उभी होती.

भाचीला काही कळेना. "मामी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "चल, चालता चालता सांगते."

तिथून पुढं गावाचा मुख्य रस्ता लागतो. त्याचं नावच हाउप्टश्ट्रासे, म्हणजे मेन रोड! मला हसू आलं. चला, जर्मन लोकांनाही नाव ठेवताना फार डोकं चालवावं लागत नाही तर! दीड किलोमीटरचा हा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठीच आहे, गाड्या नाहीत. दुकानं बंद होत होती, काचांच्या आत दिवे तसेच जळत होते. १३८६ साली स्थापन झालेलं इथलं विद्यापीठ आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. त्यामुळं जिकडंतिकडं पोरंपोरी, सायकली. रात्री नऊला एकेकट्या मुली सायकलवरून निवांत घरी चाललेल्या. ते पाहून मला आपल्या पोरींची आठवण झाली. संध्याकाळी सातनंतर "कुठं आहेस?" म्हणून आपले तीन-तीन फोन जातात.

रस्ता संपत आला की उजव्या हाताला डोंगरावर किल्ला दिसतो. लाल दगडाचा, दिव्यांनी उजळलेला, पण अर्धा पडका. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी तो फोडला. पुढं दुरुस्ती चालू असताना १७६४ ला वीज पडून आग लागली, तेव्हापासून तो तसाच आहे. आपल्या भुईकोटासारखाच अभिमानानं पडका!

मग नेकार नदीवरचा जुना पूल आला. दगडी, १७८८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच त्याच्या कमानी उडवल्या होत्या. नंतर गावानं त्या परत बांधल्या. पुलाच्या तोंडाशी एक ब्राँझचं माकड बसवलंय, हातात आरसा घेतलेलं. भाची म्हणाली, "मामी, आरशाला हात लावला की पैसा येतो म्हणतात. बोटांना हात लावला की माणूस हायडेलबर्गला परत येतो." शेजारी ब्राँझचे उंदीरही आहेत, त्यांना हात लावला की खूप मुलं होतात म्हणे. उंदरांना मी लांबूनच नमस्कार केला! आरशाला मात्र दोन्ही हात लावले. कालच्या ऑर्डरीची आठवण होती ना!

पुलाच्या कठड्याला टेकून आम्ही भाकरी-चटणी काढली. खाली काळं पाणी, वर किल्ल्याचे दिवे. आणि मी भाचीला ते सांगितलं, जे मी सासरी कधी नीट सांगितलं नव्हतं.

आमची आजी लोकर कातायची. घोंगडीला चिंचोक्याची खळ लागायची, त्याचा वास अख्ख्या घराला. दिवाळीत हुलजंतीच्या यात्रेला ती चालत जायची, आणि रात्री बिरोबाच्या ओव्या म्हणायची. मी तिच्या मांडीवर, घोंगडीवर झोपून ऐकायची. पाचवीत शिकायला सोलापूरला आले तेव्हा वर्गातल्या मुली म्हणाल्या, "हिच्या कपड्यांना मेंढराचा वास येतो." त्या दिवसापासून मी आजीची घोंगडी अंगावर घेतली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, आजी शेती करते. लग्नानंतरही तेच सांगत राहिले. माझ्या मुलांनी पणजीची ओवी एकदाही ऐकलेली नाही.

भाची गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामी, तुमच्या आजीच्या ओव्या लिहून घेतल्यात का कुणी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. एक माणूस या नदीकाठच्या गावातून उठून आमच्या घोंगडीवर येऊन बसला. आणि मी? मी त्या घोंगडीवर जन्मले आणि लाजून उठून गेले. पुलावरची थंडी त्याच्यापुढं काहीच नव्हती.

आजीला फोन करावा असं फार वाटलं. पण आपल्याकडं तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून मी फ्रँकफर्टला परतले.

तिसऱ्या दिवशी त्याच बाई आमच्या गल्लीतून जाताना दिसल्या. मी हाक मारून त्यांना बसवलं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझी आजी लोकर कातायची, सासरे गिरणीत होते, आता आमच्या मागावर हा टॉवेल निघतो आणि त्याच्या कडा शिवणाऱ्या बायकांना मी नावानिशी ओळखते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशांक मिळालाय, तेही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि नमुने मागवले. पुढं एक लहानशी ऑर्डर आली. जुन्या गिऱ्हाइकाची भरपाई त्यात होत नाही, खोटं कशाला सांगू! पण बोलताना माझी मान खाली नव्हती.

फेब्रुवारीत मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेले. नव्वदी ओलांडलेली आजी ओसरीवर बसलेली होती. मी तिची घोंगडी अंथरली, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हटलं, "आजी, बिरोबाची ओवी म्हण."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "आत्ता आलीस व्हय? गळा हुता तवा यायचं हुतंस."

तरी तिनं म्हटल्या. पुष्कळ विसरली होती. मध्येच थांबायची, हातानं हवेत काहीतरी चाचपायची, सोडून द्यायची. दुपारभर बसून तीन ओव्या पूर्ण मिळाल्या. लहानपणी मी रात्ररात्र ऐकायची, त्यातल्या तीन. धाकट्यानं त्या वहीत उतरवल्या, शब्द अडला की पणजीलाच विचारत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणी जात्यावरची, कुणी हादग्याची, कुणी पाळण्याची गाणी म्हणणारी असेल. मोबाइल तर प्रत्येकीच्या हातात आहे. तिचा गळा आहे तोवर तिच्यापाशी जाऊन बसा. मला हे कळायला हायडेलबर्गपर्यंत जावं लागलं.