जोडीदार नामांकित, पंचाईत आपली

कोजागिरीला आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या गच्चीवर दूध आटेपर्यंत चिठ्ठ्यांचा खेळ रंगतो. दोघादोघांच्या जोड्या. एकाच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर एक शब्द. तो शब्द उच्चारायचा नाही, त्याच्याऐवजी दुसरा एकच शब्द खूण म्हणून द्यायचा आणि जोडीदाराने मूळ शब्द ओळखायचा. यंदा पुण्याहून आलेली मामेबहीण माझ्या आईची जोडीदार होती. बहिणीला चिठ्ठी आली ‘लोखंड’. तिने खूण दिली, “गंज!” आईने श्वासही न घेता उत्तर दिलं, “पातेलं!” पुढच्या फेरीत आईच्या हातात ‘कोथिंबीर’. आई म्हणाली, “सांबार!” बहीण ओरडली, “इडली!”

दोघींनी एकही शब्द चुकीचा वापरला नाही आणि तरी दोघी साफ हरल्या. विदर्भात दूध तापवतात ते भांडं म्हणजे गंज, पुण्यात लोखंडावर चढतो तो गंज. आमच्याकडे भाजीवर भुरभुरतात तो सांबार, म्हणून तर आमची सांबारवडी. पुणेकरांचं सांबार वाटीत असतं आणि त्यात इडली बुडते.

हाच खेळ अमेरिकेत साठहून अधिक वर्षांपूर्वी टीव्हीवर गेला, पैसे लावून. तिथे मात्र स्पर्धकाचा जोडीदार मामेबहीण नसते. तो असतो एखादा नट, एखादी गायिका, एखादा विनोदवीर. स्पर्धक नोकरीवर रजा टाकून, नवे कपडे घालून आलेला असतो, आणि त्याचं बक्षीस एका अनोळखी प्रसिद्ध माणसाच्या जिभेच्या टोकावर लटकत असतं. या जोड्यांचे किस्से मी गेली काही वर्षं हौसेने जमवतोय. त्यातले हे काही.

एका शब्दाची किंमत

‘पासवर्ड’ २ ऑक्टोबर १९६१ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाला. कल्पना बॉब स्ट्युअर्टची, सूत्रसंचालक अ‍ॅलन लडन. दोन जोड्या, प्रत्येकीत एक सेलिब्रिटी आणि एक साधा माणूस. पहिल्याच खुणेवर शब्द ओळखला तर दहा गुण, दुसऱ्या खुणेवर नऊ, तिसरीवर आठ. पंचवीस गुण आधी मिळवेल ती जोडी जिंकली. मग शेवटची झटपट फेरी, साठ सेकंदांत पाच शब्द आणि प्रत्येक शब्दाला पन्नास डॉलर. म्हणजे सगळं जमलं तर अडीचशे डॉलर, आणि त्यासाठी घामाघूम.

गंमत अशी की खूण पहिल्या जोडीत चुकली की तीच खूण दुसऱ्या जोडीला फुकटात मिळते. तुमच्या सेलिब्रिटीने धड नसलेली पण अगदीच वाईटही नसलेली खूण दिली, तर ती समोरच्याची शिडी होते. अर्धवट जोडीदार पूर्ण वाईट जोडीदारापेक्षा महाग पडतो, तो असा.

पुढे १९७९ मध्ये आलेल्या ‘पासवर्ड प्लस’ने विरुद्धार्थी शब्दांची खूण बंद केली. ‘दिवस’ म्हटलं की ‘रात्र’, ‘कडू’ म्हटलं की ‘गोड’, हा पळवाटेचा रस्ता संपला. घाबरलेल्या सेलिब्रिटीला सुचणारी पहिली खूण विरुद्धार्थीच असते, हे कोजागिरीच्या गच्चीवरसुद्धा पाहता येतं.

मराठीत हा खेळ टीव्हीवर आणायचा तर पंचांचं डोकं पिकेल. ‘एक शब्द’ म्हणजे किती? आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘माहेरचा’, ‘झाडावरून’, ‘पावसाआधी’ हे सगळे एकेकच शब्द. इंग्रजीत ज्याला तीन शब्द लागतात, ते मराठी माणूस एका दमात, नियम न मोडता सांगून मोकळा. त्यात सामासिक शब्दांची भर. मला वाटतं, हा खेळ मराठीइतका दुसऱ्या कुठल्या भाषेला शोभणार नाही.

सात शब्द, तीस सेकंद

बॉब स्ट्युअर्टचंच दुसरं अपत्य ‘पिरॅमिड’. २६ मार्च १९७३ रोजी ‘टेन थाउजंड डॉलर पिरॅमिड’ नावाने आला, सूत्रसंचालक डिक क्लार्क. बक्षीस वाढलं की नावातला आकडाही वाढे. वीस हजार, पंचवीस हजार, शेवटी एक लाख. मुख्य फेरीत तीस सेकंदांत सात शब्द आणि हवं तेवढं वर्णन करायची मुभा. खरी कसोटी शेवटच्या फेरीची. साठ सेकंद, सहा चौकटी. प्रत्येक चौकटीत एक गट, आणि तो ओळखायला नुसती यादी द्यायची, वर्णन नाही. गट ‘फ्रीजमधल्या वस्तू’ असेल तर “लोणी, कालची भाजी, बर्फ” चालेल. “ज्या गार ठेवतात” असं म्हटलं की घंटा वाजली आणि ती चौकट गेली. एक चौकट गेली म्हणजे मोठं बक्षीस गेलं, बाकीच्या पाच चौकटी सोडवल्या तरी. हातवारे करायलाही मनाई. सवयीने हात उठू नयेत म्हणून खुर्चीला पट्टे लावलेले असत, त्यांत हात अडकवून बसायचं.

ही घंटा स्पर्धकाच्या चुकीवर वाजत नाही, हे लक्षात घ्या. यादी बहुतेक वेळा सेलिब्रिटीच देई. नियम त्याने मोडायचा आणि वीस हजार डॉलर दुसऱ्याचे जायचे.

‘स्टार ट्रेक’चा कप्तान विल्यम शॅटनर याच खुर्चीवर फसला. गटाच्या नावात जो शब्द होता, तोच त्याने यादी देताना बोलून टाकला. घंटा वाजली. शॅटनरने स्वतःवरच्या संतापात खुर्ची उचलून बाहेर फेकली. ते दृश्य आजही लोक शोधून पाहतात. मला त्या खुर्चीपेक्षा समोर बसलेला स्पर्धक महत्त्वाचा वाटतो. तो उत्तर द्यायला तयार बसला होता आणि त्याचा खेळ त्याने तोंड उघडण्याआधीच संपला होता.

याच खुर्चीवरची उलटी बाजूही सांगायलाच हवी. २ डिसेंबर १९७७ रोजी बिली क्रिस्टलने सहाही चौकटी अवघ्या सव्वीस सेकंदांत पार करून दिल्या. चौतीस सेकंद शिल्लक! स्टॅंडअप विनोदवीराला नेमका शब्द, नेमक्या क्षणी, नेमक्या वजनाने टाकायची सवय असते. पडद्यावर किती मोठा आहेस याच्याशी त्याचा संबंध नाही.

जोई, कॉफी आणि भूत

‘फ्रेंड्स’ पाहणाऱ्यांना हा प्रसंग आठवेल. २००४ मध्ये, मालिकेच्या शेवटच्या पर्वात, जोई ट्रिबियानी ‘पिरॅमिड’मध्ये सेलिब्रिटी म्हणून जातो. खरा कार्यक्रम, खरा सूत्रसंचालक डॉनी ऑस्मंड. स्पर्धक जीव तोडून सांगतोय की ही गोष्ट कॉफीत घालतात, ती पांढरी असते, आणि जोईची गाडी कागद, बर्फ करत भुतापर्यंत जाते. लेखकांनी हे हवेतून काढलं नव्हतं. त्या कार्यक्रमाच्या नियमित प्रेक्षकांनी असे कित्येक जोई पाहिले होते.

तीस सेकंदांचं घड्याळ डोळ्यांसमोर असताना माणसाला जे पहिलं सुचतं, तेच तो पुनःपुन्हा, जास्त मोठ्याने सांगतो. “पांढरं! पांढरं! अरे, पांढरं!” आपल्याकडे ऐकू न आल्यासारखं वागणाऱ्या पाहुण्याशी आपण तसंच बोलतो. चांगला जोडीदार आवाज वाढवत नाही, वाट बदलतो.

सगळ्यांना एकच हवा

सेलिब्रिटी फार चांगला असला तरी पेच होतो. ‘मॅच गेम’मध्ये सहा नामांकित माणसांनी रिकाम्या जागी जो शब्द लिहिला असेल, त्याच्याशी स्पर्धकाचा शब्द जुळायला लागे. शेवटच्या फेरीत सहांपैकी एकाची निवड स्पर्धकाने करायची आणि शब्द तंतोतंत जुळला तर रक्कम दहापट. स्पर्धक पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे बोट दाखवत. तो होता रिचर्ड डॉसन. सर्वसामान्य माणूस काय म्हणेल, हे त्याला अचूक कळे. बाकीचे पाच नुसते बसून राहत. अखेर १९७८ मध्ये निर्मात्यांनी निवडीचा हक्क काढून एक चक्र बसवलं. चक्र ज्याच्यावर थांबेल तो जोडीदार. पहिल्यांदा चक्र फिरवलं आणि ते थांबलं कुठे? डॉसनवरच!

चक्राने खेळ समतोल झाला असेल, पण स्पर्धकाच्या हातातली एकमेव अक्कलहुशारी त्याने काढून घेतली, असं माझं ठाम मत आहे. योग्य माणूस निवडणं हेसुद्धा कौशल्य आहे. लग्न जुळवणाऱ्या कुठल्याही मावशीला विचारा.

फसवण्याचाच करार

१९६६ पासून गाजलेल्या ‘हॉलिवूड स्क्वेअर्स’मध्ये तर सेलिब्रिटीने स्पर्धकाला चकवायचंच असे. नऊ चौकटींत नऊ प्रसिद्ध माणसं. प्रश्न त्यांना, आणि त्यांचं उत्तर खरं की थाप हे ओळखायचं स्पर्धकाने. पटतील अशा थापा त्यांना आधीच पुरवलेल्या असत. इथे सेलिब्रिटीमुळे हरलात तर तक्रारीला जागा नाही, कारण खेळच तो आहे.

मग ‘पासवर्ड’मधल्या नटाला कुणी हळूच शब्द का सांगत नव्हतं? कारण एकोणीसशे पन्नासच्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचा मोठा घोटाळा उघडकीला आला होता. लाडक्या स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात. १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जबान्या झाल्या आणि १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन असा ठरवून खेळवलेला खेळ गुन्हा ठरला. तेव्हापासून जोडीदार अडखळला तर तो खराच अडखळलेला असतो. प्रामाणिक अडखळण्याला दाद मागायला कुठलंही न्यायालय नाही.

जोडीदार अर्ध्यावर बदला

या सगळ्यांतला मला सर्वांत आवडलेला नियम ऐंशीच्या दशकातल्या पंचवीस हजारांच्या ‘पिरॅमिड’चा. एका भागात दोन खेळ असत आणि दुसऱ्या खेळाला स्पर्धक आपापले सेलिब्रिटी अदलाबदल करत. कुणाच्या वाट्याला बिली क्रिस्टल आणि कुणाच्या वाट्याला जोई आला, तरी पुढच्या दहा मिनिटांत दोघांचं नशीब फिरे. इतका साधा आणि इतका न्याय्य उपाय.

चांगल्या जोडीदाराचा दाखला हवा असेल तर बेट्टी व्हाइट. १९६१ मध्ये ‘पासवर्ड’ सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ती पाहुणी म्हणून आली, आणि सूत्रसंचालक अ‍ॅलन लडन तिच्या प्रेमातच पडला. १४ जून १९६३ रोजी दोघांचं लग्न झालं. पुढे कित्येक दशकं ती असे खेळ खेळत राहिली, आणि समोरच्या अनोळखी माणसाकडे तिचं पूर्ण लक्ष असे. १९८३ मध्ये ‘जस्ट मेन!’साठी तिला डेटाइम एमी मिळाला. गेम शोच्या सूत्रसंचालनासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

आपल्याकडे टीव्हीने बहुधा घरच्याच माणसाला जोडीदार केलं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये प्रसिद्ध माणूस म्हणजे आदेश बांदेकर भाऊजी, आणि ते खेळ घ्यायला. ‘कौन बनेगा करोडपती’त नामांकित पाहुणे बहुतेक वेळा सत्कार्यासाठी खेळतात, त्यामुळे कुणा स्पर्धकाचं घरभाडं त्यांच्या उत्तरावर नसतं. त्याच खुर्च्यांवर २०१८ मध्ये डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे बसले होते. दोघं आमच्या नागपूरच्या मेडिकलचे विद्यार्थी. १९७३ पासून हेमलकशाला एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांचा शब्द ओळखायला खूण तरी लागेल का?

पण भाषेचा प्रश्न उरतोच, आणि नागपूरकराला तो जास्त भिडतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदी आमच्या बाजारात, कचेरीत, स्वयंपाकघरात राहिली. म्हणून आम्ही आलू म्हणतो, मुंबई बटाटा म्हणते. उद्या असा खेळ मराठी वाहिनीवर आला आणि इतवारीतल्या एखाद्या काकूंच्या समोर दादरचा लाडका नट बसवला, तर “टोंगळा” या खुणेवर तो काय उत्तर देणार? काकूंनी खूण अचूक दिली असेल. गुडघा म्हणजे टोंगळाच. दोष मात्र पडद्यावर काकूंच्या माथी दिसेल, कारण नट गोंधळला तरी देखणाच दिसतो. अशा खेळात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी शब्द पंचांनी बिनशर्त मान्य करायला हवेत आणि नटाने आधी चार दिवस स्पर्धकाच्या गावात काढायला हवेत.

पुढच्या कोजागिरीला आम्ही अर्ध्या खेळानंतर जोड्या बदलणार आहोत. तसं ठरल्यावर मामेबहीण म्हणाली, “आत्याची जोडीदार मीच राहणार, बदल बाकीच्यांनी करा.” परवा तिचा फोन आला होता. तिने वही घातली आहे. टोंगळा म्हणजे गुडघा, फल्ली म्हणजे शेंग, गंज म्हणजे पातेलं. आईला रोज रात्री पाच शब्द विचारते. आणि आई तिच्याकडून पुण्याचे पाच शब्द लिहून घेते.