‘दही वर्ज्य’ लिहिण्यापूर्वी

पथ्यपत्रिकेत ‘दही वर्ज्य’ हे दोन शब्द वैद्याच्या लेखणीतून जितक्या सहजपणे उतरतात, तितके दुसरे कोणतेही पथ्य क्वचितच उतरत असेल. आम्हीही ते वर्षानुवर्षे लिहीत आलो. या सवयीचा पुनर्विचार आम्हांला एका रुग्णेने करावयास लावला.

काही वर्षांपूर्वी हेमंतात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी चिकित्सालयात आल्या. दही खाल्ले की आध्मान, उदरगौरव आणि सकाळी जिभेवर साम लेप, एवढीच त्यांची तक्रार. आम्ही दीपन-पाचन औषध दिले आणि दही बंद केले. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पोट फुगणे थांबले होते. परंतु हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. दात नसल्यामुळे दहीभात हेच त्यांचे रात्रीचे जेवण होते. दही गेले आणि त्यामागोमाग भातही गेला. “तुम्ही दही सोडा म्हणालात, त्याच्या जागी काय खाऊ, ते सांगितलं नाहीत,” एवढेच त्या म्हणाल्या. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

शास्त्र काय सांगते?

दही अम्लविपाकी, उष्णवीर्य, गुरू, ग्राही व अभिष्यंदी आहे, हे आपण सारे जाणतो. तथापि चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात तेच दही रोचन, दीपन, स्नेहन, बलवर्धन व बृंहण म्हटले असून अरुची आणि कार्श्य यांत प्रशस्त मानले आहे. म्हणजे कृश होत चाललेल्या वृद्धेला उपयुक्त असे द्रव्यच आम्ही हिरावून घेतले होते!

त्याच स्थानाच्या ७ व्या अध्यायातील नियमही सरसकट निषेधाचे नाहीत. दही रात्री खाऊ नये, उष्ण करून खाऊ नये. तूप-साखर, मुगाचे यूष, मध वा आवळा यांवाचून खाऊ नये. हा सेवनाचा विधी आहे. यांतील जोड रुग्ण पाहून निवडावयाची असते. प्रमेही रुग्णाला तूप-साखर न सांगता मूग किंवा आवळा सांगावा, हे उघड आहे.

न विचारलेला प्रश्न

दुसऱ्या भेटीत आम्ही पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता तो प्रश्न विचारला: दही लागते कसे? उत्तर सूनबाईंनी दिले. सासूबाईंना आंबट सोसत नाही, म्हणून त्या मुद्दाम अदमुरे दही ठेवीत. थंडीत विरजण उशिरा धरते. सायंकाळपर्यंत दही अर्धवटच लागलेले असे. ते तसेच शीतकपाटात जाई आणि रात्री थंडगार भातावर पडे.

हे अर्धवट लागलेले दही म्हणजेच ग्रंथांतील ‘मंदक’, जे त्रिदोषकर म्हटले आहे. ते ना दूध, ना दही. आधुनिक दृष्टीनेही याचा काही उलगडा होतो. गाईच्या दुधात सुमारे ४.५ ते ५ टक्के दुग्धशर्करा असते. विरजणातील जीवाणू तिच्यातील काही भागाचे अम्लात रूपांतर करतात. आणि दह्याबरोबर पोटात गेल्यावर उरलेली शर्करा पचविण्यासही त्यांचे साहाय्य होते. ही क्रिया अपुरी राहिली तर शर्करा अधिक उरते आणि ती न सोसणाऱ्यास वायू धरतो. मंदकाची सारी दुष्टी एवढ्यातच आली, असे मात्र समजू नये.

येथे एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी. शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत दही प्रायः निंद्य. म्हणून आपण हेमंत-शिशिरात अनुज्ञा देतो. परंतु नेमक्या याच ऋतूंत ते नीट लागत नाही. यास्तव थंडीत दूध उकळून कोमट असतानाच विरजावे, भांडे उबदार जागी गुंडाळून ठेवावे आणि कवडी पडल्याशिवाय हलवू नये. गोड दही आणि कच्चे दही यांतील भेद गृहिणीला समजावून सांगावा.

दही की ताक?

अग्नी मंद असेल तर दह्याचा आग्रह न धरता ताकाकडे वळावे. चतुर्थांश पाणी घालून घुसळलेले तक्र लघु, दीपन व कफवातघ्न असून ग्रहणी व अर्श यांत त्याची थोरवी सर्वश्रुत आहे. दह्यात नुसते पाणी ढवळणे म्हणजे मंथन नव्हे, हेही सांगावे लागते. मात्र क्षत, दाह, भ्रम व रक्तपित्त यांत तक्रही देऊ नये.

काही ठिकाणी वर्ज्य म्हणजे वर्ज्यच. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यास दही व ताक दोन्ही नकोत. मलातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारा अतिसार ही लक्षणे असतील, तर पथ्याच्या चर्चेत वेळ न दवडता तपासण्या कराव्यात.

आजींच्याही तपासण्या आम्ही करविल्या. त्यांत काही दोष आढळला नाही. मग नीट लागलेले ताजे दही, अर्धी वाटी, दुपारच्या मऊ भातात मुगाचे वरण व तूप यांसह सांगितले. रात्री मुगाची पातळ खिचडी तूप घालून. आध्मान परतले नाही; दोन महिन्यांत अंगही थोडे भरले.

तेव्हापासून ‘दही वर्ज्य’ लिहिण्यापूर्वी आम्ही चार गोष्टी विचारतो: कसे लावलेले, केव्हा, कशाबरोबर आणि किती? त्यानंतरही वर्ज्य करावे लागलेच, तर त्याच ओळीत पुढे पर्याय लिहितो. रुग्णाच्या ताटातील एक वाटी आपण उचलली, तर तिची जागा रिकामी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.