पापणीवरचा अभ्रक

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या मोटारी पाहिल्यात ना? उन्हात एखादीचा रंग मोत्यासारखा पालटतो. ही करामत बहुधा अभ्रकाची. अभ्रकाच्या पातळ कपच्यांवर टिटॅनियम डायॉक्साइडचा थर चढवतात. थराची जाडी बदलली की रुपेरी, सोनेरी, निळी अशी झाक बदलते. लोहाच्या ऑक्साइडने तांबूस छटा येते. आमच्या भगिनी पापणीला लावतात त्या चमकदार खनिज रंगांतही पुष्कळदा हाच अभ्रक असतो.

मग पत्र्याचा रंग पापणीला चालेल का? मुळीच नाही! पापणीची कातडी फार नाजूक. तिथला रंग शुद्धच हवा. रंगासाठी शिसे किंवा सोमल यांची संयुगे वापरायला आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. तेव्हा बाजारातली बिननावाची डबी नको; उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत वाचूनच घ्यावी.

प्रयोग जरूर करावा, पण आधी हातावर. एक दिवस थांबून खाज नाही ना, ते पाहावे. कोरड्या कुंचल्याने रंग फिका बसतो. कुंचला किंचित ओलसर केला की कपच्या सपाट बसतात आणि झळाळी वाढते. कुंचला साबणाने धुऊन वाळवावा आणि जिवलग मैत्रिणीलाही देऊ नये. त्यातूनच डोळे येतात. हौस घटकाभराची, डोळे जन्माचे!