डब्बा ट्रेडिंग म्हणजे काय? ‘टॅक्स नाही, मार्जिन नाही’ म्हणणारा सौदा नेमका जातो कुठे?

टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर शेअर बाजाराच्या पोस्ट वाचताना ‘डब्बा’ हा शब्द हमखास दिसतो. ‘अमुक माणूस डब्बा चालवतो’, ‘तो डब्ब्यात खेळतो’ अशी वाक्यं ऐकू येतात. सोबत जाहिरातही असते: टॅक्स नाही, केवायसीची कटकट नाही, पाच हजारांत लाखोंचे सौदे करा. या शब्दाचा जेवणाच्या डब्याशी काही संबंध नाही. शेअर बाजाराला समांतर चालणाऱ्या बेकायदा सट्ट्याचं हे बोलीभाषेतलं नाव आहे.

डब्बा ट्रेडिंगचा अर्थ

नोंदणीकृत ब्रोकरकडे तुम्ही ऑर्डर दिली की ती एनएसई किंवा बीएसईवर जाते. तिथे समोर खरा विक्रेता किंवा खरेदीदार असतो. सौदा पूर्ण करण्याची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते.

डब्ब्यात ऑर्डर एक्स्चेंजपर्यंत पोहोचतच नाही. ती डब्बा चालवणाऱ्याच्या वहीत, सॉफ्टवेअरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये नोंदली जाते. शेअरचा भाव खऱ्या बाजारातला असतो, पण शेअर कोणी विकत घेत नाही आणि कोणी विकतही नाही. भाव वर जाईल की खाली, एवढ्यावरच पैज लागते. हिशोब बहुतेक वेळा रोखीत किंवा कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरून होतो.

एक उदाहरण पाहू

समजा, तुम्ही डब्ब्यात 500 रुपये भावाने 200 शेअर ‘घेतले’. म्हणजे सौदा 1 लाख रुपयांचा झाला. भाव 480 झाला तर तुमचे 4,000 रुपये गेले आणि ते डब्बेवाल्याच्या खिशात गेले. भाव 520 झाला तर तुम्हाला 4,000 रुपये मिळायला हवेत. ते देणार कोण? तोच डब्बेवाला, स्वतःच्या खिशातून किंवा दुसऱ्या ग्राहकाने हरलेल्या पैशांतून.

खरी मेख इथेच आहे. एरवी ब्रोकरला दलाली मिळते, तुम्ही जिंका किंवा हरा. डब्ब्यात तुमचा फायदा हा समोरच्याचा थेट तोटा असतो. त्यामुळे छोट्या रकमा वेळेवर मिळतात, विश्वास बसतो, आणि मोठी रक्कम जिंकल्यावर फोन बंद लागतो.

हा खेळ नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अशीच दुकानं होती. त्यांना ‘बकेट शॉप’ म्हणत. पुढे प्रसिद्ध झालेला सटोडिया जेसी लिव्हरमोर तरुणपणी बॉस्टनमधल्या अशा दुकानांत खेळायचा. तो सतत जिंकू लागला, तेव्हा दुकानदारांनी त्याला दाराबाहेर ठेवलं.

लोक डब्ब्याकडे का वळतात?

पहिलं कारण मार्जिन. सेबीच्या नियमानुसार कॅश विभागात इंट्राडे सौद्यासाठीही किमान 20 टक्के रक्कम खात्यात असावी लागते. डब्ब्यात ओळखीवर किंवा किरकोळ रकमेवर मोठे सौदे करू देतात. त्यामुळे तोटाही त्याच पटीत मोठा होतो.

दुसरं कारण कर. वरच्या उदाहरणात शेअर 1 लाखाला विकले असते, तर इंट्राडेच्या 0.025 टक्के दराने सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स झाला असता 25 रुपये. स्टॅम्प ड्युटी, जीएसटी, दलाली वेगळी. एवढी रक्कम वाचवण्यासाठी माणूस आपली सगळी मुद्दल कसलीही हमी नसलेल्या जागी ठेवतो.

कायदा काय सांगतो?

सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट, 1956 च्या कलम 23(1) नुसार यासाठी 10 वर्षांपर्यंत कैद, 25 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. असा सौदा करणारी व्यक्तीही या कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते.

जून 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी कांदिवलीत कारवाई करून एकाला अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका अ‍ॅपवरून सुमारे तीन महिन्यांत 4,672 कोटी रुपयांची उलाढाल झाली होती आणि सरकारचा 1.95 कोटींचा महसूल बुडाला होता.

पैसे अडकले तर ते वसूल करणंही कठीण. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम मागायला कोर्टात जाता येत नाही. एक्स्चेंजची तक्रार निवारण यंत्रणा आणि गुंतवणूकदार संरक्षण निधीही अशा सौद्यांना लागू नाही.

डब्बा आणि बनावट अ‍ॅप

दोन्हींत फरक आहे. डब्ब्यात भाव खरा असतो, सौदा खोटा. बनावट ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये भाव, नफा, खात्यातली शिल्लक सगळंच खोटं असू शकतं. ग्राहकाला मात्र बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ओळखायचं कसं?

• सौद्यानंतर 24 तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट येत नाही.
• एक्स्चेंजकडून सौद्याचा एसएमएस किंवा ईमेल येत नाही.
• घेतलेले शेअर डिमॅट खात्यात कधीच दिसत नाहीत.
• अ‍ॅप टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून उतरवायला सांगतात.
• पैसे रोख किंवा वैयक्तिक यूपीआयवर मागतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत ब्रोकरसाठी वेगळे यूपीआय आयडी आले आहेत. त्यांत ‘@’ चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा इंग्रजी शब्द असतो.

पैसे पाठवण्याआधी ब्रोकरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासा. फसवणूक झालीच, तर उशीर न करता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.